एगोन प्रिबिलची हान्सी

एगोन प्रिबिल ट्रामच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. माणूस भला, पण मत्सरी. बेकरीतला सकाळचा पहिला पाव दुसऱ्या कुणी उचलला तरी याच्या पोटात दुखायचं. व्हिएन्नातल्या राजवाड्याच्या बागेत तो रोज खिशात अक्रोड घेऊन जाई. तिथल्या खारी माणसाळलेल्या. दोन अक्रोड एकमेकांवर आपटायचे, "हान्सी, हान्सी" अशी हाक मारायची, की खार हातावर येते. नर असो की मादी, खार म्हटली की हान्सी, ही गावाची रीतच. तरी प्रत्येक म्हाताऱ्याला वाटतं, इतरांच्या त्या नुसत्या खारी, आपली तेवढी खरी हान्सी. एगोनला तर याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

त्या रविवारी त्याने रादाला सोबत नेलं. रादा बल्गेरियाची, प्राण्यांची डॉक्टर व्हायला इथे आलेली आणि महिन्याभरापासून त्याच्याकडे भाड्याने राहणारी. तिला आपली हान्सी दाखवायची, एवढाच त्याचा बेत. पण पोरीला आधी बागेतलं जुनं प्राणिसंग्रहालय बघायचं होतं.

तिथेच ठिणगी पडली. हत्तींच्या रखवालदाराने चौदा वर्षांत एगोनशी नमस्कारापलीकडे एक शब्दही काढला नव्हता. रादाने हत्तीच्या नखांबद्दल एक प्रश्न काय विचारला, गडी अर्धा तास बोलत सुटला. निघताना वर म्हणाला, "पुन्हा या हं!"

"मी रोज येतो," एगोन म्हणाला.

"हो का?" रखवालदाराने विचारलं, आणि तेही रादाकडे बघत.

एगोन तरातरा चालत बागेतल्या त्याच्या नेहमीच्या बाकावर आला. आता कळेल हिला, असं म्हणत त्याने अक्रोड आपटले. खार सरसर उतरली, त्याचा तळहात हुंगला आणि टुणकन रादाच्या गुडघ्यावर. तिथून थेट तिच्या बाहीवर.

"अगं, माझ्याकडे काहीच नाहीये गं!" रादा हसत सुटली.

एगोनच्या अंगाचा तिळपापड झाला. ऊन म्हणायचं नाही, बर्फ म्हणायचं नाही, रोज अक्रोड आणायचे त्याने आणि ही आयत्या बिळावर नागोबा!

"बाहीला काय लावलंयस?" त्याने दरडावलं.

"काही नाही हो, हेर प्रिबिल." इथल्या रीतीप्रमाणे ती त्याला 'हेर', म्हणजे श्रीयुत, म्हणायची.

"मग हिला झालंय काय? हेर्मीच्या वेळीही हेच!"

हेर्मी म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती. रादाने तिचा फोटो तेवढा पाहिला होता.

"त्यांच्या वेळी काय?"

"हान्सी तिचीच. मी इथे हात पसरून भिकाऱ्यासारखा उभा, आणि ही बया तिच्या मांडीवर! शेवटच्या वर्षी तर मी रुसलो. महिनाभर आलोच नाही बागेत. हेर्मी एकटी यायची. थंडीत ती गेली आणि वसंतात हान्सी माझ्या हातावर आली. नाइलाजाने आली हो! आजही हातावर बसते तेव्हा मला ते सलतं."

रादाने खारीचे दात, कान नीट निरखले. मग हळूच म्हणाली, "हेर प्रिबिल, ही ती नव्हे. ही जेमतेम दोन वर्षांची असेल. खारी अशा मोकळ्यावर तीन-चार वर्षं जगतात. पाच म्हणजे डोक्यावरून पाणी."

एगोनने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे हिने हेर्मीला बघितलंच नाही?"

"नाही."

"आणि हिच्या आधीचीने?"

"तिनेही नसेल बहुतेक."

खोटं कशाला बोला, एगोनला आधी आनंदच झाला. बायकोची खार कधीच मातीला मिळाली होती. या हान्सीला हेर्मी ठाऊकच नव्हती. इतकी वर्षं तो उगाच जळत होता. जिंकला होता तो! "बघ!" असं म्हणायला तो बाकाच्या डाव्या बाजूला, हेर्मीच्या जागेकडे वळलासुद्धा. तिथे रादा बसली होती.

त्याचा चेहरा उतरला. एका चिमूटभर जनावरासाठी केवढा तो रुसवा.

"काय झालं?" रादाने विचारलं.

"रोज दारात कोट घालून उभी राहायची," तो म्हणाला. "विचारायची, येतोस ना? महिनाभर रोज विचारलं तिने. आणि मी पेपर वाचत बसायचो."