कवळी कुणाची?

आमच्या मजल्यावरच्या फौजदारकाकूंनी पोलीसठाण्याची पायरी कधी चढलेली नाही. नाव पडलं ते आवाजामुळे. देवाने देह बाईचा दिला आणि घाईघाईत गळा भलत्याचाच बसवला. दूधवाला रोज दाराबाहेरून ओरडतो, "काका, दूध!" काकू आतून गरजतात, "काका आंघोळीला गेलेत, मी काकू बोलतेय!" त्याला अजून पटलेलं नाही. ऑफिसात फोन उचलला तरी पलीकडून पहिला शब्द 'दादा'. त्यामुळे माणूस न बघताच बाई की बुवा ठरवून मोकळं होणाऱ्यांचा काकूंना मनस्वी राग.

नोकरी बसस्थानकाच्या 'हरवले-सापडले' कक्षात. उमेदीची वर्षं तळघरात छत्र्या झटकण्यात गेली. यंदा कुठे वर खिडकीत बसायला मिळालं. प्रवासी कुठून कुठून येतात, म्हणून बाहेरच्या फळ्यावर सूचना लिहायची ती इंग्रजीत. त्यासाठी काकू वर्षभर संध्याकाळच्या शिकवणीला गेल्या. तेवढे दिवस काकांनी करपलेली भाजी विनातक्रार खाल्ली. तक्रार करणार कुणाकडे, केलेली त्यांनीच असायची.

एका सकाळी झाडूवाल्याने बसच्या सीटखालून मोठ्या चौकटीच्या रुमालात बांधलेलं काहीतरी आणलं. गाठ सोडली तर आत कवळी! वरची-खालची, अख्खी, काकूंकडे बघून हसणारी.

कक्षाच्या साहेबांनी रुमाल न्याहाळला. "पुरुषाचा रुमाल. कुणी म्हातारबुवा असणार." आणि फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून मोकळे झाले: 'ए जंटलमन हॅज लेफ्ट हिज टीथ.'

"साहेब, दातांना मिशा दिसल्या का तुम्हाला?"

"काकू, तुम्ही छत्र्या मोजा."

दोन दिवस खिडकीशी कुणी फिरकलं नाही. असली वस्तू तिसऱ्या दिवशी कचऱ्यात जायची. तिसऱ्या सकाळी काकूंनी फळा पुसला आणि लिहिलं: 'समवन हॅज लेफ्ट देअर टीथ.'

साहेब उडालेच. "देअर? एक कवळी किती जण वाटून घेणार? ह्याला इंग्रजी म्हणतात?"

"बाई की पुरुष ठाऊक नसलं की एकट्यालाही असंच लिहितात, साहेब. आणि आपलं काय वेगळं आहे? सासरे आले म्हटलं की तुमच्या दारात पाच-सहा सासरे उभे राहतात?"

तिकीटखिडकीतली पोरगी फिस्सकन हसली, तिथे साहेबांचा पारा चढला. "संध्याकाळपर्यंत मालक आला नाही तर उद्यापासून पुन्हा तळघर!"

"आणि आला तर फळा माझा. तुम्ही खडूला हात लावायचा नाही."

दुपार टळली. साहेबांनी तळघराची किल्ली टेबलावर ठेवली, अगदी नजरेत भरेल अशी. काकूंच्या नाकात तिथला ओल्या छत्र्यांचा वास आत्तापासूनच यायला लागला.

खिडकी बंद करायच्या सुमारास एक उंच आजीबाई आल्या. तोंडावर स्कार्फ घट्ट. इकडेतिकडे बघून पुटपुटल्या, "त्यातली डावीकडची एक दाढ सोनेरी आहे का हो?"

काकूंनी रुमाल उघडला. दाढ लखलखली.

आजीबाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा वयाने दहा वर्षांनी लहान! "कालही आले होते मी. फळ्यावर सद्गृहस्थांची म्हटलेलं, मग मी कोणत्या तोंडाने विचारू? रुमाल आमच्या ह्यांचा! आज वाचलं आणि वाटलं, ह्यात मी बसते. उद्या वाचनालयात पोरांना गोष्ट सांगायचीय हो, बोळक्या तोंडाने राक्षस कसा करणार?" आणि तिथल्या तिथे असा काही राक्षस केला की झाडूवाला दचकला.

साहेब छताकडे बघत होते.

"साहेब," काकू म्हणाल्या, "म्हातारबुवा येऊन गेले बरं का."

साहेबांनी खडूचा डबा काकूंच्या बाजूला सरकवला. काकूंनी किल्ली उचलली आणि पार कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली. तेवढ्यात फोन वाजला. तो उचलला साहेबांनी. "दादा नाहीत इथे," ते म्हणाले, "मॅडम आहेत. देतो."

ही बातमी काकूंनी जिना चढता चढताच सांगितली. सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली, घंटी एकाचीही वाजवावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला दारात आला. "का—" म्हणाला आणि थांबला. घसा खाकरून म्हणाला,

"आत जे कुणी असतील त्यांनी दूध घ्या!"