तीन बोटांची शेंग

शिमग्याच्या आधी आमच्या घरामागच्या परड्यातल्या डब्यात निळं फूल उमललं आणि घरादाराचे डोळे पाणावले. माझे सोडून. मला वास आला. फुलाचा नव्हे, लबाडीचा.

तो डबा माझ्या बायकोचा. तेलाचा, पत्र्याचा, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलेला. तिचं माहेर पन्हाळ्याच्या मागं, पठाराच्या पायथ्याला. एकदा भावाकडनं येताना तिनं निळवंतीचा कंद पदराला बांधून आणला आणि त्या डब्यात पुरला. पठारावरचं झाड कोल्हापुरात जगत नाही, असं मी म्हणालो. ते जगलं. दर नवरात्रात त्याचं पहिलं फूल घटाच्या माळेत जायचं. मग गेल्या दिवाळीच्या तोंडाला ती गेली आणि तिच्या मागोमाग झाडही वाळून आडवं झालं. ते दरसाल वाळायचं. कंद मातीखाली झोपायचा आणि पावसाळ्यात उठायचा. पण हे मला आणि तिलाच ठाऊक. बाकीच्यांना तो मातीनं भरलेला रिकामा डबा.

आणि रिकाम्या वस्तू आमच्या घरात टिकत नव्हत्या. तिची लुगडी कुणाला तरी देऊन झाली. पाटा-वरवंटा जिन्याखाली गेला. विचारलं की लेक म्हणायचा, "आबा, मिक्सर हाय की आता." मी चौथी शिकलेला माणूस, पण पुढची पाळी डब्याची, एवढं कळतं. म्हणून रोज सकाळी चहा घेऊन त्या डब्यापाशी बसायचो. राखण म्हणा.

मध्ये तापानं अंथरूण धरलं. उठून परड्यात आलो तर डब्यात हिरवं रोप. सून म्हणाली, "मामा, आत्ती आल्या बगा." आत्ती म्हणजे तिची सासू. मी नुसतं हूं केलं. पुढं फूल आलं तेव्हा शेजारच्या बायका बघून गेल्या, एकीनं तर हळद-कुंकू वाहिलं. मला पटेना. निळवंती गणपती उठले की फुलते. शिमग्याला पठारावर कातळ आणि वाळकं गवत, दुसरं काही नसतं. माझी बायको उभ्या जन्मात कुठं अवेळी गेली नाही, ती अवेळी येईल कशी?

लग्नानंतर एकदा तिनं मला पठारावर फिरवलं होतं. मी दिसेल त्या निळ्या फुलाला निळवंती म्हणायला लागलो. ती म्हणाली, "तुमास्नी गाय आन् म्हस तरी वळखाय येती का? फुलाच्या पाठीला शेपटी बगायची. पान हातागत बगायचं. आन् शेंगंला तीन बोटं. तिन्ही जुळलं तरच तोंड उघडायचं."

शेपटी होती. फुलाच्या मागं चांगली लांब निघालेली. सगळे तिथंच फसले होते. पान मात्र बडीशेपेच्या पानासारखं, दोऱ्यादोऱ्याचं. तिच्या झाडाचं पान म्हणजे बोटं फाकलेला रुंद पंजा. शेजारच्या शेळीपुढं एक फांदी धरून बघितली. शेळीनं तोंड फिरवलं. पण निळवंतीलाही ती कधी तोंड लावत नव्हती, तेव्हा ती साक्ष बाद.

राहिली शेंग. कुणाला काही न बोलता फुलं गळायची वाट बघितली. बायकोच्या पानाच्या चंचीत तिनं बियाला म्हणून एक वाळकी शेंग ठेवली होती. एका देठावर तीन बोटं, चिमटीत तंबाखू धरल्यागत. ती काढून डब्यातल्या झाडाशेजारी धरली. त्या देठावर एकच बोट. दुसऱ्यावर एक. सगळ्या झाडावर एकेकच.

सून भांडी घासत होती. मी विचारलं, "कुठल्या नर्सरीतलं हाय?"

"काय, मामा?"

"आत्ती."

तिचा हात थांबला. "शिरोलीच्या रस्त्यावरच्या." मग फणकाऱ्यानं म्हणाली, "तुमी रिकाम्या डब्याकडं बगत बसायचा. च्या निवून साय धरायचा. मला बगवंना."

"आन् खालचा कंद? टाकला उकिरड्यात?"

"कसला कंद?"

हे तिचं विचारणं मला जास्तच खुपलं. ज्याला ठाऊकच नाही, तो जपणार कसा?

"मी माती काढलीच न्हाय," ती म्हणाली. "कडंला बोटानं भोक पाडलं आन् रोप खोवलं."

"कशावरनं?"

"उपसून बगा की मग. खुरपं देऊ?"

तिनं खरंच खुरपं आणून दिलं. मी डब्यापाशी बसलो. कंद नसला तर सून खोटी ठरणार होती. असला तर ऐन उन्हाळ्यात हलवल्यानं माझ्याच हातानं मरणार होता. बायकोच्या हातचं जितं असं घरात तेवढंच उरलं होतं, उरलं असलंच तर. खुरपं भिंतीला टेकवलं आणि उठलो. विश्वास बसला म्हणून नव्हे. धीर झाला नाही.

नर्सरीचं झाड उन्हानं आपसूक वाळून गेलं. डब्याला कुणाला पाणी घालू दिलं नाही, कारण बायकोही उन्हाळ्यात घालायची नाही. आषाढात सुनेनंच हाक मारली. डब्याच्या मधोमध, कडेला नव्हे, एक पान वर आलं होतं. रुंद, बोटं फाकलेलं.

"आता तरी पटलं का मामा?"

"असल्या पानाची तणं पायलीला पन्नास हायत."

"पंजा हाय की त्यो."

"अजून शेपटी बगायची हाय. मग शेंग."

"म्हंजे शेंगंपातुर मी खोटी?"

"शेंगंपातुर."

ती हसली आणि चहा डब्याशेजारी ठेवून आत गेली.

आता श्रावण सरत आलाय आणि दांडा वर निघालाय. शेंग धरायला नवरात्र उलटावं लागेल. चंची माझ्या उशाखाली आहे. जुळवायच्या दिवशी जुनी शेंग सुनेच्याच हातात देणार आहे. म्हणजे म्हाताऱ्यानं बदलली, असं पुढं कुणी म्हणायला नको.