दुपारी दोनचं माप

कुरुंदवाडहून कोल्हापूरला निघालो त्या सकाळी आबा स्टँडवर आले ते काखेत रंधा मारून. आमचे आबा सुतार. रंधा त्यांनी माझ्या पिशवीत भाकरीच्या गाठोड्याखाली सारला आणि यष्टी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, “चुकलं तर पहिल्यांदा सांगायचं. पाचर मग मारता येतीया.” माझी ट्रंक टपावर चढवून बाळू, माझा धाकटा भाऊ, खाली उतरला आणि हात झटकत हसला.

दीड-दोन तासांच्या वाटेला काय परगाव म्हणायचं, असं आमच्या आळीतले दुबईला गेलेले म्हणतील. पण फक्त सणाला घरी यायचं ठरलं की माणूस गेलाच म्हणायचा. तुम्हा गेलेल्यांना हे कळेल. बाळू, बाकीचं मात्र तुझ्यासाठी लिहितोय.

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये मी लागलो. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साच्यासाठीचं लाकडी पॅटर्न जरा मोठं करावं लागतं, मीटरमागं दहा मिलिमीटर. त्याची पट्टी वेगळी. आकडे नेहमीचेच, पण रेघांमधलं अंतर किंचित जास्त. श्रिंकेजची पट्टी म्हणतात तिला. साध्या पट्टीशेजारी ठेवली तर फरक चटकन डोळ्यात भरत नाही.

काही वर्षांनी बाळूलाही कॉन्ट्रॅक्टवर तिथंच आणला. एकानं माप धरायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची, अशी तिथली पद्धत. बाळू माझं माप न तपासताच सही करायचा. कुणी टोकलं की म्हणायचा, “थोरल्या भावाचं माप काय मोजायचं?” मला ते आवडायचं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मग अपघात झाला. सकाळी मोटारसायकलवरून कामावर जाताना ट्रकनं हूल दिली, मी हायवेवर आपटलो. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. डोक्याचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “आता अर्धा दिवस काम करा. दर दोन तासांनी अंधारात पडायचं. दमल्यावर नाही, दमायच्या आधी.” मी मान हलवली आणि सोमवारी पूर्ण शिफ्टला हजर झालो. कारखान्यात कुणालाच काही सांगितलं नाही. ‘डोकं हललंय’ हा शिक्का मला नको होता.

तो थकवा कसा असतो ते आज सांगतो. पायात ताकद असते, हात चालतात. पण दुपारी दोनच्या सुमाराला ग्राइंडरचा आवाज कवटीच्या आतून यायला लागतो, ट्यूबलाइट टोचते, रोजच्या हत्याराचा साधा ‘पटाशी’ शब्द सापडत नाही. पट्टीवरचे आकडे मुंग्यांसारखे हलतात. बाळूला न सांगताच कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत प्लायवूडच्या थप्पीमागं पोतं अंथरायचा. “दादा, तू पड. मी हाय की.” उठून आलो की पोरं चिडवायची, “काय पावणं, झोप झाली का न्हाय?” त्यांना हसून उत्तर बाळूच द्यायचा. मी त्याच्यावर मात्र खेकसायचो.

पंपाच्या मोठ्या पॅटर्नचं माप मी अशाच एका दुपारी दोनला धरलं. साध्या पट्टीनं. बाळूनं नेहमीसारखी सही केली. सगळा लॉट लहान निघाला, रिजेक्ट होऊन परत आला. मालक शॉपमध्ये आले तेव्हा माझ्या टेबलावर ती साधी पट्टी तशीच पडली होती. बाळूनं ती पाहिली, उचलली आणि स्वतःच्या खिशात घातली.

“मापं कुणी धरली?”

“मी,” बाळू म्हणाला.

मी टेबलाची कड धरून उभा होतो. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मेंदू दमला होता, शब्द सुचला नाही, असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. शब्द होता.

त्याच दिवशी त्याचं काम सुटलं. गेटपाशी मलाच समजावत होता, “तुझ्या गोळ्या चालू हायत, पोरीची बारावी हाय. मला काय, म्हशी हायत की गावाकडं.” गावच्या यष्टीत त्याची ट्रंक मी चढवली.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली. आमच्या गावाला नाव ठेवायला किती वेळ लागतो? “काय रं लोखंड आटवणाऱ्या, आज दूध किती आटवलंस?” कट्ट्यावर आजही तीच हाक आहे. आई त्याला म्हणाली होती, “थोरल्याची अब्रू घालवलीस.” त्यानं ऐकून घेतलं. आई गेली ती तेच मनात धरून. इथं आता पाचर बसत नाही, आबा.

गेल्या महिन्यात मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तेव्हाच सांगितलं असतंस तर अर्धी शिफ्ट तेव्हाच दिली असती की. बाळूलाही काढलं नसतं.” आता मी अर्धा दिवस जातो. अवघड मापं सकाळी दहाच्या आत, आणि ती दुसरा माणूस खरोखर तपासतो. बाराला घरी येऊन पडदे ओढून पडतो. एवढंच करायचं होतं. एवढ्यासाठी तुझं नाव गेलं.

इतकी वर्षं घरी यायचं टाळलं. “शिफ्ट आहे,” म्हणायचो. खरं तर, दमलेला दिसेन आणि तू सगळ्यांदेखत मला सांभाळून घेशील, हीच भीती होती. घर म्हणजे आता मला तो कट्टाच दिसतो, जिथं माझ्या चुकीची हाक तुला ऐकावी लागते.

जत्रेच्या आदल्या दिवशी येतोय. सकाळच्या यष्टीनं. आल्या आल्या दोन तास मागच्या खोलीत पडेन, घरात सांग, चहाला उठवू नका. पाच वाजता आपण दोघं कट्ट्यावर जाऊ. सगळे जमलेले असतील. मी उभा राहून बोलणार आहे. मधेच शब्द अडकेल, लोक हसतील, हसू देत. तू शब्द पुरवू नकोस. मापं कुणी धरली होती, हे मी विचारीन आणि मीच सांगेन. ह्या खेपेला तू ‘मी’ म्हणू नकोस.