अवसेच्या रात्रीचा चिखल

दामाजी नाखवांना भुताची भीती वाटते. फक्त ते भूत वेळेवर आलेलं पाहिजे.

कळव्याच्या मैत्री वाचनालयात भयकथांचं एक कपाट आहे. त्यातलं कुठलंही पुस्तक उघडलंत, तर समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं सापडेल, 'इथे भरती'. ते दामाजींचं अक्षर. लेखक कुठलाही असो, कथा खाडीकाठी गेली की तो अमावास्या निवडणार, रात्रीचे बारा निवडणार आणि मग भुताला चिखलात पावलं उमटवत आणणार. आता अमावास्येला उधाण असतं. रात्री बाराच्या सुमाराला आपली खाडी काठोकाठ भरलेली असते आणि चिखल दोन पुरुष पाण्याखाली. त्या वेळी भुताला पोहत यावं लागेल, आणि पोहणाऱ्याची पावलं उमटत नाहीत. कोळ्याच्या शेंबड्या पोराला कळतं ते या शिकलेल्या लोकांना कळत नाही, हे दामाजींचं आयुष्यभराचं दुखणं.

"अष्टमीला आणा ना," ते म्हणायचे. "अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती कमी, आणि बाराला सुकती, म्हणजे ओहोटी. हवा तेवढा चिखल घ्या. पण नाही, यांना अमावास्याच पाहिजे. भूत काय पंचांग बघून मरतं?"

याबद्दल त्यांनी आजवर प्रकाशकांना नऊ पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं. त्यात 'आपल्या कवितांसाठी धन्यवाद, सध्या त्या स्वीकारता येत नाहीत' असं होतं.

दामाजींचे वडील खाडीत मासे मारायचे. खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त मिळायला लागलं तेव्हा दामाजी महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले म्हणून लागले. बापाचं पाणी चंद्र आणायचा, मुलाचं पाणी मुलगाच आणायला लागला. चावी उघडायची, दोन तास बसायचं, चावी बंद करायची. त्या दोन तासांत करायचं काय? तर भयकथा वाचायच्या. अशा पस्तीस वर्षांत त्यांनी मराठीतलं एकूण एक भूत वाचून काढलं. एवढ्या भुतांतून एकच लेखक त्यांच्या मनात राहिला, अनंत बिवलकर, आणि बिवलकरांचं एकच पुस्तक, 'चौथा वल्हेकरी'. होडीत माणसं तीन आणि वल्ह्यांचे आवाज चार, अशी ती कादंबरी. ती पहिल्यांदा वाचत असताना सातव्या प्रकरणापाशी दामाजी चावी बंद करायचं विसरले आणि पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याच्या एका गल्लीला पाऊण तास जास्त पाणी मिळालं. बिवलकरांच्या लेखनाचा समाजावर झालेला एवढा थेट परिणाम दुसरा नोंदलेला नाही. त्या गल्लीतल्या बायका पुढे महिनाभर दामाजींना 'भाऊ' म्हणत होत्या.

या पुस्तकाच्या समासात मात्र एकदाही पेन्सिल टेकली नव्हती. "बिवलकरांचं पाणी चुकत नाही," हे दामाजी वाचनालयात इतक्यांदा म्हणाले होते की तिथली ग्रंथपाल प्राप्ती त्यांच्या आधी ते वाक्य पुरं करायची.

ही प्राप्ती पंचविशीतली, कामाला चोख. मार्चमध्ये तिनं फळ्यावर नोटीस लावली. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना जागा हवी आहे, भयकथांचं अर्धं कपाट रिकामं होणार. एकाच लेखकाचा पूर्ण संच राहील, दुसऱ्याचा रद्दीत न जाता माळ्यावर जाईल. बिवलकर की विराज काळसेकर, ते रविवारी सकाळी अकरा वाजता सभासदांपुढे चर्चा होऊन हात वर करून ठरेल. माळ्यावर गेलेलं पुस्तक मैत्री वाचनालयात परत खाली आलेलं कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे दामाजींनी नोटीस वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

काळसेकरांच्या बाजूनं काळुराम भोईर बोलणार होता. काळुराम हा खारेगावचा आगरी, दामाजींचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरची भातशेती गेली, मिठागरं गेली आणि त्या जागी सतरा मजली टॉवर आला. आता काळुराम त्या टॉवरच्या दहाव्या मजल्यावर राहतो आणि जिथं त्याचा आजा मीठ खेचायचा तिथं पार्किंगमध्ये गाड्या मोजत बसतो. काळसेकर त्याला मनापासून पटलेला. 'बी विंगची लिफ्ट', 'वॉचमन कुठे गेला', 'मेन्टेनन्स' अशी काळसेकरांची पुस्तकं. पुस्तकं म्हणजे, बहुतेक लोक ती मोबाइलवर ऐकतात.

"तुझा बिवलकर भुताला खाडीवर ठेवतो," काळुराम म्हणाला. दोघे वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसले होते. "खाडी उरली कुठं? शेत गेला, मिठागर गेला. भुतानी राहायचा कुठं?"

"मग टॉवरमध्ये राहू दे की. तुझ्याकडं भाड्यानं ठेव."

"आपला काळसेकर तेच सांगतो. भूत माणसाच्या मागं मागं जातो. माणूस दहाव्या मजल्यावर गेला, भूत बी गेला. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या लिफ्टची गोष्ट ऐकल्यापासून शालू एकटी लिफ्टमध्ये चढत नाय. पिशव्या घेऊन दहा मजले जिन्यानं. सहा किलो कमी झाली."

शालू म्हणजे काळुरामची बायको.

"हा व्यायाम झाला, भय नाही," दामाजी म्हणाले. "तुझ्या काळसेकराचं भूत पहिल्या पानावर येतं, तिसऱ्या पानावर रक्त काढतं, आणि पुढं दोनशे पानं त्याला काम नाही. बिवलकर भूत दाखवतच नाही. आवाज ऐकवतो. आणि पाणी..."

"चुकत नाय. माहीत हाय."

बुधवारी दुपारी दामाजी भाषणाची तयारी करायला बसले. वाचनालयाची एकुलती एक प्रत त्यांनी घरी आणली होती. पुस्तकातला सगळ्यात जबरदस्त उतारा वाचून दाखवायचा आणि गप्प बसायचं, असं त्यांनी ठरवलेलं. पान एकशे बारा. आवाज लागतो का बघावं म्हणून त्यांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. ऐकायला घरात जनाबाईच होत्या, त्यांच्या पत्नी. त्या सकाळभर कळव्याच्या मार्केटात मासळी विकून आल्या होत्या आणि उरलेली करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नाही. वेळ मिळाला नाही, असं त्या सांगतात, आणि सांगताना दामाजींकडं बघतात.

दामाजी वाचत होते. तीन वल्हेकरी झोपडीच्या दारात उभे आहेत. अवसेची रात्र, बाराचा सुमार. समोर खाडी ओसरून गेलेली, लांबच्या लांब काळा चिखल. आणि त्या चिखलातून झोपडीकडं येणारी पावलं. ओली. मोजली तर चार माणसांची.

दामाजी थांबले. त्यांच्या हातावर काटा आला होता.

जनाबाईंचा हात थांबला नाही. "अवसेला बाराला चिखल कुठला?" त्या म्हणाल्या. "पाणी दाराशी असेल."



दामाजींनी तो परिच्छेद पुन्हा वाचला, मग आदल्या प्रकरणात अवस कुठं लिहिली आहे ते बघितलं. स्वच्छ लिहिली होती. अकरा वेळा त्यांनी हे पुस्तक वाचलं होतं आणि अकरा वेळा त्या चिखलावरून चालत गेले होते.

पुढचे तीन दिवस दामाजींनी जे केलं त्याला विद्यापीठात संशोधन म्हणतात. झोपडीपुढं बांध असेल, बांधाच्या आत चिखल राहिला असेल, म्हणून त्यांनी दोनशे चाळीस पानांत बांध शोधला. मिळाला नाही. बिवलकरांची खाडी म्हणजे आपली खाडी नसेलच, दुसऱ्या कुठल्या किनाऱ्याची असेल, असं म्हणून बघितलं. पण नवव्या प्रकरणात पारसिकचा डोंगर दिसत होता. शेवटी वल्हेकऱ्यांपैकी एकाचं घड्याळ सहा तास पुढं असावं, इथपर्यंत ते आले, आणि तिथं त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी प्राप्तीचा फोन आला. "काका, 'चौथा वल्हेकरी' तुमच्याकडंच आहे ना? काळुरामकाका मागतायत."

"त्याला कशाला?"

"म्हणतात, विरोधी पक्षाला कागदपत्रं बघायचा हक्क असतो."

"माझं वाचून व्हायचंय."

"अकरा वेळा झालंय ना तुमचं?"

"बारावं चाललंय," दामाजी म्हणाले आणि फोन ठेवला. त्या क्षणापर्यंत त्यांनी वाचनालयाचं पुस्तक कधी एक दिवससुद्धा अडवून धरलं नव्हतं. पस्तीस वर्षं लोकांच्या चुका पेन्सिलीनं दाखवत फिरलेला माणूस आता एक पान पोटाशी धरून बसला होता. हे जर बाहेर पडलं तर बिवलकर माळ्यावर जातील, आणि दामाजी नाखवा कळव्यात पुन्हा कुणाच्या पाण्याबद्दल तोंड उघडू शकणार नाहीत.

रविवारी चौतीस सभासद आले. एवढे वार्षिक सभेलासुद्धा येत नाहीत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा ऋतुराज सुरुवातीलाच म्हणाला की दोन्ही संच काढा, जागा जास्त होईल. त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं, आणि भयकथेनं समाज एकत्र आल्याचं ते त्या सकाळचं पहिलं उदाहरण ठरलं.

काळुराम छान बोलला. भूत माणसाच्या मागं येतं, हेच त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "आमच्या मजल्यावर चार दरवाजे. तीन घरांतली माणसा कोण, मना ठाऊक नाय. चार वर्षं झाली. काळसेकर सांगतो, त्या बंद दरवाज्याच्या मागं कायतरी हाय. गावात अशी भीती नव्हती. ही नवीन हाय, म्हणून लेखक बी नवीन पायजे." तरुणांच्या रांगेतून टाळ्या आल्या. दामाजींनासुद्धा ते पटलं.

ते उठले. बिवलकर भूत दाखवत नाहीत, ऐकवतात, हे झालं. वल्ह्यांचे चार आवाज झाले. एकशे बाराव्या पानाला बगल देऊन ते थेट शेवटाकडं निघाले होते, तेवढ्यात काळुराम बसल्या जागेवरून म्हणाला, "चिखलातल्या पावलांचा पान वाच."

दामाजींनी पुस्तक मिटलं.

"सकाळी मार्केटात गेल्तो. वहिनींकडून हलवा मासा घेतला. त्या बोलल्या, तू तीन दिवस जेवत नायस. का, तर पाणी चुकला."

सगळी माथी दामाजींकडं वळली. प्राप्तीनं नकळत टेबलावरची पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

दामाजींना सांगता आलं असतं, बांध होता म्हणून. पुस्तक त्यांच्याच हातात होतं, तपासायला दुसरी प्रत नव्हती. त्यांनी पान उघडलं आणि वाचलं. सगळं वाचलं, पावलं मोजेपर्यंत. मग म्हणाले, "चूक आहे. अवसेला बाराला इथं चिखल नसतो. काळसेकरांची खाडीवरची एकच गोष्ट आहे, तिच्यात हीच चूक मला दुसऱ्या पानावर दिसली होती. मी तिथं लिहून ठेवलंय, तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, हसलाय पण." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "इथं मला अकरा वेळा दिसली नाही. मी लहान असताना बाप मला झोपेतून उठवून विचारायचा, आता पाणी कुठं असेल, आणि मी डोळे न उघडता सांगायचो. त्या माणसाला या बिवलकरानं अकरा वेळा पाणी विसरायला लावलं. पुस्तक वाचताना मी कोळी नव्हतो, चावीवाला नव्हतो. नुसता दारात उभा होतो आणि पावलं मोजत होतो. आता याला चूक म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

ते बसले. तेवढ्यात प्राप्तीनं विचारलं, "काळुरामकाका, तुम्ही वाचलंय का हे?"

"वाचलाय की. नवीन आला तेव्हाच."

"तुमचं तर मिठागर होतं. उधाण कधी, भांग कधी, तुम्हाला पाठ असणार. तुम्हाला दिसली होती चूक?"

काळुरामनं पंख्याकडं बघितलं. पंखा त्याच्या मदतीला येण्यासारखा नव्हता. "नाय," तो म्हणाला. "मी तेव्हा आठ दिवस मिठागरावर एकटा गेलो नाय. बापाला सांगितला पाय मुरगळलाय."

मग हात वर झाले. बिवलकर एकवीस, काळसेकर तेरा. प्राप्तीनं दोनदा मोजले, कारण एकविसांत एक हात काळुरामचा होता. त्यानं तो खांद्याच्या वर फारसा नेला नव्हता, पण हात होता.

दुपारी दामाजी मार्केटात गेले. जनाबाई पाट्या आवरत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"राहिलं पुस्तक."

"पाण्याचं काय सांगितलंत?"

"चुकलंय म्हणून सांगितलं. तू आधीच गावभर सांगून ठेवलं होतंस."

"मी गावाला नाही सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगितलं." जनाबाईंनी कोयता पुसला. "मग राहिलं कसं?"

दामाजींनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. जनाबाईंनी पाटी डोक्यावर घेतली, दोन पावलं चालल्या आणि थांबल्या.

"पाणी चुकलंय ते चुकलंय," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी तुम्ही पावलांपाशी थांबलात आणि मग नुसते पुस्तक उलटंपालटं करत बसलात. त्या तिघांनी दार लावलं का नाही, ते कुठं सांगितलंत?"

"ते पुढच्या पानावर आहे."

"मग घरी चला," जनाबाई म्हणाल्या. "उजेड आहे तोवर वाचा."