गोळी बिडीची, आजार माझा

"तुम्हाला डिप्रेशन आहे," साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांना चक्क नाही म्हणून सांगितलं. डिप्रेशनमध्ये माणूस सारखं रडतं असं मी ऐकून होते. मला तर रडूच येत नव्हतं.

"आणि हसू?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या नवऱ्याकडे, रफिककडे बघितलं. ते खाली मान घालून बसले होते. मी शेवटची कधी हसले ते दोघांनाही आठवेना.

माझं कोरेगावात साडीला फॉल-पिको करायचं दुकान आहे. सगळी गल्ली मला भाभी म्हणते. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून लावतात ती पट्टी. ती साडीच्या रंगाशी जुळली नाही, तर चालताना निऱ्यांखालून डोकावते आणि साडीची सगळी शोभा जाते. मोरपंखी आणि शेवाळी यांतला फरक मी दारातूनच सांगायची. कुणी नवी साडी उलगडली की तिच्याआधी मीच खूश व्हायची.

ते कधी बंद पडलं, कळलंच नाही. साड्या म्हणजे नुसतं कापड झालं. ईदचा शीरखुर्मा मी केला, वाढला, भांडीही घासली, पण तो गोड होता की नव्हता ते अल्लालाच ठाऊक. सकाळी उठून चूळ भरायची तरी मनाची फार समजूत घालावी लागे.

डॉक्टरांनी याला अ‍ॅनहेडोनिया म्हणतात असं सांगितलं, म्हणजे आनंद वाटायची शक्तीच हरवणं. आधी थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्हच्या तपासण्या झाल्या. त्या वेटिंग रूममध्ये मी ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून ओढणी पुढे ओढून बसायची. समोरची बाईही तशीच बसलेली असायची. दोघीही एकमेकींना ओळखत होतो, हे नंतर कळलं.

पहिल्या औषधाने झोप लागली, छातीतली धडधड थांबली. रंग मात्र परत आले नाहीत. मग डॉक्टरांनी बुप्रोपिऑन नावाची गोळी दिली. मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं, ते माणसाला 'ऊठ, हे कर, बरं वाटेल' असा निरोप देतं, आणि ही गोळी तो निरोप पोचायला मदत करते, असं त्यांनी समजावलं. कधी फिट आली होती का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, कारण तशा माणसाला ही गोळी चालत नाही. ती हळूहळू विरघळते, म्हणून तोडायची किंवा चावायची नाही, हेही बजावलं.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग एका दुपारी गिऱ्हाइकाने वांगी रंगाची साडी समोर टाकली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या अल्ला, काय रंग आहे!" शेजारीच रफिकचं सायकल दुरुस्तीचं दुकान. ते ग्रीसच्या हातांनी तसेच धावत आले. साडीला हात लावू नका म्हणून मी ओरडले, तर दारातच उभं राहून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

आणि नेमकी तेव्हाच गोळी मिळेनाशी झाली. साताऱ्याच्या दुकानदाराने माल येत नाही म्हणून हात वर केले. रफिक फलटणला जाऊन आले, तिथेही तेच. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "शोधत राहा, पण पाकीट संपायच्या आत मला कळवा. दुसरा मार्ग काढू. मनाने काही करू नका." दुसरा मार्ग म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ती चव नसलेली सकाळ. आजारात मी घाबरले नव्हते एवढी आता घाबरले, कारण आता गमवायला काहीतरी होतं.

कोरेगावच्या मेडिकलमध्ये मी मुद्दाम कधी जात नसे. आता गेले. दुकानदार भला माणूस, पण आवाज लाउडस्पीकरचा. चिठ्ठी वाचून तो भरल्या दुकानात म्हणाला, "भाभी, ही तर बिडी-सिगारेट सोडायची गोळी की!"

त्यात खोटं काही नव्हतं. हेच औषध त्यासाठीही देतात. पण गोळी नाही ती नाहीच मिळाली, आणि मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. संध्याकाळी समोरच्या उषाताई आल्या. दार लोटून घेतलं, माझ्याजवळ बसल्या, आणि लय काळजीने म्हणाल्या, "भाभी, खरं सांगा. बिडी कवापास्नं वडताय तुमी?"

दुसऱ्या दिवशी दोघी बायका नवऱ्यांसाठी ती गोळी मागायला आल्या. एकीने तर रफिकना सुनावलं, तुमचं बघूनच भाभींना सवय लागली असंल. त्यांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

डिप्रेशन मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक वेडी म्हणतील ही भीती. पण बिडीपेक्षा डिप्रेशन परवडलं! मी उषाताईंना सगळं सांगून टाकलं, अगदी गोळ्या संपत आल्यात इथपर्यंत. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "आवं, मग हे आधी न्हाई का सांगायचं? माझी नणंद पलूसला हाय. तिचं रोज सांगलीला जाणं-येणं हाय."

नणंदेने सांगलीत मोठ्या दवाखान्यांजवळची दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी गोळी होती, पण दुकानदाराने मूळ चिठ्ठी दाखवल्याशिवाय देणार नाही म्हणून सांगितलं. बरोबरच आहे ते. मी आणि उषाताई एसटीने निघालो. मागच्या वर्षी मला मोरीपर्यंत जाणं जड होतं, आणि आता मी खिडकीची जागा धरून बसले होते. पाकिटं हातात आल्यावर आम्ही भडंग घेतली आणि कृष्णेच्या घाटावर बसून खाल्ली. तिखट होती. नाकातून पाणी येईपर्यंत मी खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. औषध संपायची वाट बघू नका, आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि चार माणसांना खरं सांगा. लपवलेल्या आजाराचं औषध शोधायला कुणाला पाठवणार?

आता गोळी नियमित मिळते आणि मी बरी आहे. परवा उषाताईंच्या मुलीचा साखरपुडा झाला. उषाताई पायरी चढताना निऱ्या उचलल्या गेल्या, आणि जांभळ्या साडीखालून मातकट फॉल दिसला. माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे विचारलं, हा कुणी लावला?

"तुमीच," त्या म्हणाल्या. "गेल्या सालचा हाय."

मी आजूबाजूला बघितलं. हिरव्या साडीला पिवळा. गुलाबीला करडा. सगळं माझंच काम, माझ्या वाईट दिवसांतलं. एकीनेही साडी परत आणली नव्हती.

"मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी दुकानच बंद क्येलं असतं," उषाताई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी तर सकाळी उठत हुता तुमी."

मग मात्र मला रडू आलं. भरल्या मांडवात, नव्या साडीचा पदर ओला होईपर्यंत रडले, आणि ते संपायच्या आतच हसूही आलं.

आता रस्त्यात कुणी बाई भेटली की मी आधी निऱ्यांकडे बघते. फॉल चुकलेला दिसला की साडी घेऊन या म्हणते. बायका म्हणतात, राहू द्या भाभी, चांगला हाय. मी ऐकत नाही.