दिराच्या विहिरीची चाचणी

मोर्शीजवळच्या त्या संत्र्याच्या मळ्यात मला कोणी बसा म्हटलं नाही. मी तेव्हा राजापेठेतल्या एका लहानशा कंपनीत भूजल मोजणीचं काम करायचे. भांडण एका विधवा बाईचं आणि तिच्या दिराचं होतं. दिरानं नवी विहीर खणली आणि माझी आटली, असं बाईचं म्हणणं. शहानिशा करायला ग्रामपंचायतीनं आम्हाला बोलावलं होतं.

चाचणी म्हणजे एका विहिरीतून सलग पाणी उपसायचं आणि आजूबाजूची पातळी किती उतरते ते मोजत राहायचं. सकाळीच दिराच्या विहिरीवरची मोटार सुरू केली. दीर माझ्या पाठीशीच उभा.

"नीट मोजा मॅडम. नाई तं पुन्हा वावरात पाय ठेवू देनार नाई."

दुपारपर्यंत बाईच्या विहिरीतलं पाणी दीड हात खाली गेलं; तिथं टेप सोडताना बाई दर वेळी माझ्या बाजूला उभी असायची. तेवढ्याच अंतरावरच्या खोल बोअरमध्ये मात्र चार बोटंही उतरलं नव्हतं. दिराच्या विहिरीवर परतले तेव्हा आमच्या साहेबांनी वही पाहिली आणि बाईच्या विहिरीचा आकडा सरळ खोडला.

"अंतर सारखं, तर उतारही सारखाच हवा. टेप धरता येत नाही का तुला?"

"सर, दिराची विहीर पाण्याच्या थराच्या तळापर्यंत गेलेलीच नाही. वरच्या भागातच संपते. म्हणून ओढ वरच जास्त बसते, आणि बाईची विहीरही तेवढीच उथळ आहे. बोअर खालचं पाणी दाखवतंय."

"मला शिकवू नकोस."

दीर मोठ्यानं हसला. अहवालात 'परिणाम नगण्य' असं छापून आलं. खाली माझीही सही होती. नोकरी नवी आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. आज त्या समजुतीची मला किळस येते.

उन्हाळ्यात बाईचा फोन आला, फक्त शिव्या द्यायला. मी त्या ऐकून घेतल्या. मग जुनी वही काढली, विहिरीची अपुरी खोली धरून सगळं गणित पुन्हा केलं आणि पंचायतीला लिहून दिलं, की पहिला निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्यावर मी सही केली होती. साहेबांनी त्याच दिवशी मला टेबल रिकामं करायला लावलं. पंचायतीनं पुन्हा मोजणी करवली आणि दिराला दिवसाआड मोटार लावायला बजावलं.

अकोल्याच्या नव्या नोकरीवर जाण्याआधी मी मळ्यात गेले. अर्धी झाडं वाळून तोडली होती. बाई फांद्यांचे भारे बांधत होती.

"तुले तवाच मालूम होतं ना?"

"हो. साहेबांना सांगितलं होतं मी."

"सायबाले सांगतलं. मले काहून नाई सांगतलं? मी तं तुह्या बाजूलेच उभी होती."

मी खाली पडलेली एक फांदी उचलून तिच्यापुढे धरली.

"जाय आता," ती म्हणाली आणि तिनं भाऱ्याची दोरी आवळली.