भोपळे बांधलेल्या मुली

शिवणवर्गातून मला पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. ‘काढून टाकलं’ असं ग्रामसेविका म्हणाली नाही. ती म्हणाली, “ताई, तुम्ही दुसरं काहीतरी बघा.” मी झबल्याच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला शिवल्या होत्या आणि वर मशीनलाच दोष दिला होता.

माकणीला आमची बदली होऊन वर्षही झालं नव्हतं. माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि तालुक्याहून नवी नवी माणसं येऊन श्रमदान, साक्षरता, महिला मंडळ असले शब्द गावात रुजवायला बघत होती. शिकलेल्या बाईनं गावासाठी रोज तासभर द्यावा असं ग्रामसेविका सांगून गेली, आणि गावात शिकलेली बाई म्हणजे मीच, तीही सातवीपर्यंत. मला नाही म्हणायचंच नव्हतं. भांडी घासून झाली की दुपार मला खायला उठायची.

भजनात बसवलं तर माझा आवाज असा लागायचा की टाळकरणी थांबून माझ्याकडं बघायच्या. बालवाडीत मी मुलांना लिंबाच्या झाडावर चढायला शिकवलं म्हणून त्यांच्या आया भांडायला आल्या. शेवटी तालुक्याचे पाहुणे आले की तबक घेऊन ओवाळायला उभं राहायचं एवढं एकच काम माझ्यासाठी उरलं, आणि ते मी साफ नाकारलं. ओवाळायला सातवी कशाला लागते? झालं, गावात बोलणी सुरू झाली. मास्तरीणबाई शेफारली आहे, हिला येत काहीच नाही.

मला येत होतं, कुणी विचारलं नव्हतं. परंड्याकडं आमचं शेत होतं. वडिलांची धाकटी बहीण विहिरीत पडून गेली, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लेकराला, मुलगा असो की मुलगी, तरंगायला कमरेला वाळका भोपळा बांधून ते विहिरीत ढकलायचे. आई रडायची, ते ऐकायचे नाहीत. मी माशासारखी पोहायचे. लग्न झालं आणि ते सगळं माहेरीच राहिलं.

त्या उन्हाळ्यात यजमानांच्या वर्गातली एक मुलगी पाणी भरताना गावविहिरीच्या खालच्या पायरीवरून घसरली. पुरुष रानात होते. पायऱ्यांवर बायकांची गर्दी होती आणि एकीलाही पोहता येत नव्हतं. ओरडा ऐकून मी धावत गेले, होते तशी उडी टाकली, तिला वर आणलं. उशीर झाला होता. पायरी तिच्यापासून चार हातांवर होती. तेवढं अंतर जरी तिला कापता आलं असतं तरी ती पोर दुसऱ्या दिवशी शाळेत गेली असती. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तिसरा दिवस झाल्यावर मी यजमानांना सांगितलं, “मला काम सापडलं. मी मुलींना पोहायला शिकवणार.”

ते तसे भले, पण भित्रे. “बदली करतील माझी,” म्हणाले.

“करू द्या. विहिरी सगळीकडं असतात.”

संध्याकाळी पाटील ओट्यावर येऊन बसले. मी दारातच उभी होते, पण बोलले ते यजमानांशी. “मास्तर, घरात जरा समजावून सांगा. पोरींनी इहिरीत उड्या मारायच्या म्हंजी काय? गावाला इज्जत हाय का न्हाय?”

मीच उत्तर दिलं. “ती पोर बुडत होती तेव्हा गावाच्या इज्जतीनं उडी मारली नाही. मी मारली.”

“आन् पोरी नेसणार काय?”

“तुमच्या रानात निंदायला येताना नेसतात तेच. दिवसभर काष्टा मारून बाया तिथं वाकलेल्या असतात, तेव्हा कुणाला लाज वाटत नाही.”

पाटील चहा न घेता गेले. यजमान रात्रभर कूस बदलत राहिले. मी मात्र छान झोपले.

गावविहिरीचं पाणी प्यायचं, तिथं पोहणं बरं नव्हतं. शिवेला एका म्हातारीचं शेत होतं. नवरा गेल्यापासून ती एकटीनं जमीन कसायची आणि कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिची पायऱ्यांची विहीर होती, मोटेची. मी गेले तेव्हा ती मिरच्यांचे देठ मोडत बसली होती. माझं सगळं तिनं ऐकून घेतलं.

“पोरींना शिकवा,” ती म्हणाली. “सुना आल्या तर त्यांना शिकवू नका.”

“का?”

“माजी थोरली भन इहिरीत गेली. पाय घसरून न्हाय. सासरी लई हाल व्हते तिचे. बाईच्या जातीला जायला तेवढं एकच दार असतंय. ते बी तुमी लावून घेनार का?”

मी आयुष्यात पुष्कळांवर चिडले आहे, पण त्या दिवशी कुणावर चिडावं तेच कळेना. “ते दार नाही, आजी,” मी म्हटलं. “पोहता आलं असतं तर त्या बाहेर आल्या असत्या.”

“भाईर यिऊन जानार कुठं?”

सुचलं ते मी बोलून गेले. “कुठंही. पण जिवंत.”

ती देठ मोडत राहिली. मी उठायला लागले तेव्हा म्हणाली, “दुपारी मोट सुटली की या.”

पहिल्या दिवशी दोघीच मुली आल्या. मग आढ्याला बियाण्यासाठी टांगलेले वाळके भोपळे एकेका घरातून उतरायला लागले. आया वरवर ओरडायच्या आणि भोपळा स्वतःच काढून द्यायच्या. कमरेला भोपळा बांधून, परकराचा काष्टा मारून मुली पायरीवर रांगेत थरथरत उभ्या राहायच्या आणि मी एकेकीला ढकलायचे. चोरून बघायला टारगट पोरं यायची म्हणून म्हातारी आसूड घेऊन काठावर बसायची. पुढं सुनाही आल्या. म्हातारीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि तोंड फिरवलं. अडवलं मात्र नाही.

ग्रामसेविका बघायला आली आणि गोंधळली. मंडळाच्या कामांत पोहणं कुठंच बसत नव्हतं. शेवटी तिनं शिवणवर्ग म्हणून लिहून घेतलं. शिवणात माझं नाव निघालं ते असं.

बदली झालीच. पण तोवर भोपळ्याशिवाय पोहणाऱ्या मुली नव्या मुलींना ढकलायला लागल्या होत्या, त्यामुळं पाटलांना फार उशीर झाला होता.

पुढं काही वर्षांनी आम्ही येडशीला होतो. एका सकाळी दारात एक तरुण बाई उभी. लुगडं अर्धवट वाळलेलं, हातात काहीही नाही. मी ओळखलं. पहिल्या दिवशी आलेल्या दोघींतली एक. येडशीजवळच्याच एका गावात तिला दिली होती.

तिला आत घेतलं, कोरडं लुगडं दिलं. ते नेसून आल्यावर ती बोलली. “म्या उडी टाकली व्हती, बाई. मरायचंच म्हनून. पर हातपाय ऐकनातच. आपसूक हालाय लागले. तुमचा लई राग आला मला. मग काठाला लागले, आन् वर आल्यावर वाटलं, आता त्या घरात न्हाय जायचं. मास्तरीणबाई येडशीला हायत, तिकडं जायचं.”

भाईर यिऊन जानार कुठं, असं म्हातारीनं विचारलं होतं. मी ताट वाढलं.

दुपारी तिच्या सासरची माणसं आली. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्यांच्यातला एक आवाज चढवून म्हणाला, “आमची बाई हाय, भाईर पाठवा.” तेवढ्यात आतून यजमान आले. मला वाटलं, आता हे मला गप्प बसायला सांगणार. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, दार अडवून.

“ती जेवते आहे,” मी म्हटलं. “उठणार नाही.”